सगळ्यांचं वाण एकाच बाटलीत

आधीच सांगून ठेवतो, मी केमिस्ट आहे. औषधाच्या दुकानातला नव्हे, खरा. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न प्लांटची लॅब माझ्या हाताखाली आहे. खनिजात लोखंड किती आणि कोळशात राख किती, हे माझी सही झाल्याशिवाय तिथे कोणी मानत नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे झालं त्यावरून आमच्या शंकर नगरातले काही लोक मला अडाणी म्हणून राहिले आहेत. ते चूक आहे. अडाणी माणसाच्या हातून एवढं होऊच शकत नाही. त्याला शिक्षण लागतं.

तर झालं असं, की आमच्या प्रमोदिनीला नाटकात मुख्य काम मिळालं.

आमच्या मराठी मंडळाचं दरवर्षी एक नाटक असतं. प्रमोदिनी लग्न होऊन रायपूरला आली तेव्हापासून त्यात आहे, पण विंगेत. ती प्रॉम्प्टर. म्हणजे पडद्याआड स्टुलावर बसायचं, हातात संहिता धरायची, आणि स्टेजवरचा माणूस अडकला की त्याचं वाक्य त्याला हळूच द्यायचं. नायिका ठरलेली होती, आमच्या समोरच्या घरातल्या अपर्णा वहिनी. वहिनींचं पाठांतर असं की पहिल्या अंकातच त्या नाटकातल्या नवऱ्याचं नाव विसरत. पण दिसायला छान, त्यामुळे टाळ्या त्यांना. प्रमोदिनीनं कधी कुरकुर केली नाही. फक्त नाटक झाल्यावर घरी येऊन ती ओटा पुसता पुसता नायिकेची सगळी वाक्यं एकदा म्हणून टाकायची, कुठेही न अडखळता. मी ते ऐकत असे आणि पेपर वाचत असे.

यंदा पहिल्या वाचनाला अपर्णा वहिनी अमरावतीला भाच्याच्या लग्नात होत्या, म्हणून त्यांचं काम प्रमोदिनीनं वाचलं. आमचा दिग्दर्शक भार्गव बँकेत अधिकारी आहे. नाटक तोच लिहितो, तोच बसवतो आणि नायकाचं कामही तोच करतो, म्हणजे भांडण होत नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "काकू, हे काम तुम्हीच करा."

घरी आल्यावर प्रमोदिनी बराच वेळ आरशापुढे उभी होती. तिच्या दोन्ही गालांवर वांग आहेत, काळसर, इथल्या उन्हानं दिलेले.

"विंगेत कोणाले दिसत नव्हते जी," ती म्हणाली. "आता पहिल्या रांगेतून दिसतील. एकदाच तर मिळालं काम. मले त्या दिवशी चांगलं दिसायचं आहे."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याजवळ असं सरळ काही मागितल्याचं मला आठवत नाही. पडदे मागितले होते, पण ते घरासाठी. मला गलबलून आलं. मी म्हणालो, "माझ्यावर सोड." खरं तर तिनं तेव्हाच हरकत घ्यायला पाहिजे होती.

आता यात हळदीकुंकवाचा संबंध कसा आला ते सांगतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्यात घरोघर हळदीकुंकू असतं आणि आलेल्या बायकांना वाण द्यावं लागतं. वर्षानुवर्षं वाण म्हणजे स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा, नाहीतर चहाची गाळणी. आमच्या घरी एवढ्या गाळण्या जमल्या आहेत की प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र गाळणीचा चहा देता येईल. यंदा मात्र पहिल्याच घरी वाण म्हणून व्हिटॅमिन सीचं सीरम निघालं. छोटीशी बाटली, काचेची, वर रबरी फुगा असलेला ड्रॉपर. आता पहिल्या घरी सीरम दिल्यावर दुसऱ्या घरी वाटी कशी देणार? दुसऱ्या घरी ग्लायकॉलिक ॲसिड निघालं, मेलेली कातडी काढायचं. नाटकातल्याच रूपाली वहिनींनी मुरुमांचं सॅलिसिलिक ॲसिड दिलं. गोदावरी काकूंनी डागांसाठी नायसिनामाइड दिलं, ज्याचं नाव त्यांना स्वतःला शेवटपर्यंत घेता आलं नाही. अपर्णा वहिनींनी सुरकुत्यांचं रेटिनॉल दिलं आणि देताना प्रमोदिनीच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

वाणाचे नियम फार कडक आहेत. नाही म्हणता येत नाही, टाकता येत नाही, आणि पडून राहिलं तर देणारीचा अपमान होतो. त्यात रोज तालमीला त्याच बायका भेटणार आणि विचारणार, "काय वं, वापरून राहिली ना?" प्रमोदिनी सगळ्यांना हो म्हणत होती आणि बाटल्या देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या.

आमची मुलगी गंधाली कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. ती म्हणाली, "पापा, ये सब एक साथ नहीं लगाते. एक लगाओ, दो-तीन हफ्ते देखो, फिर दूसरा."

"नाटक कधी आहे?" मी विचारलं.

"रथसप्तमी के बाद वाले संडे."

"मग तोपर्यंत तुझी आई पहिल्याच बाटलीत राहील. बाकी बायकांना काय सांगायचं?"

तिनं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. मोबाइलवरच्या ज्ञानाचं असंच असतं, त्यात समाजाचा विचार नसतो.

मी मात्र शास्त्रीय विचार केला. आमच्या प्लांटमध्ये लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट अशी तीन वेगवेगळ्या स्वभावाची माणसं एकाच भट्टीत एकाच तोंडानं जातात आणि दुसरीकडून लोखंड निघतं. खनिज आज, कोळसा दोन-तीन हफ्ते बघून, असं कोणी करत नाही. जिथे लोखंडाचं भागतं तिथे गालाचं का भागू नये? मी सगळ्या बाटल्या एका पातेल्यात ओतल्या. काचेच्या पातेल्यात नाही, स्टीलच्या. काच धुवायला जड जाते.

पातेल्यात जे तयार झालं ते दिसायला बरं होतं. लिटमसचा कागद मी लॅबमधून आणला होता, तो घातल्याबरोबर लाल झाला, म्हणजे द्रव आंबट. बायकोच्या तोंडाला आंबट काही लावणं मला पटेना, म्हणून मी त्यात खाण्याचा सोडा घातला. ते उतू गेलं. ओट्यावरून जेवढं परत गोळा करता आलं तेवढं केलं. थोड्या वेळानं त्याचा रंग बदलून गूळ घातलेल्या चहासारखा झाला. मला वाटलं मुरलं.

तळमजल्यावरचे हरिदासजी रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून ते आमच्याकडे लक्ष ठेवून असतात. फेस ओट्यावरून खिडकीबाहेर ओघळताना त्यांना खालून दिसला म्हणून ते वर आले, वास घेतला आणि म्हणाले, "श्रीपादजी, याच्यात तुरटी टाका. आम्ही दाढीनंतर आयुष्यभर तुरटीच लावली, पाहा." त्यांनी आपला गाल पुढे केला. गाल खरोखरच चांगला होता, म्हणून मी तुरटी टाकली. रिकाम्या बाटल्या आणायला गोल बाजारात गेलो, तर तिथला दुकानदार भैय्यालाल म्हणाला, "भैया, खुशबू के बिना लेडीज़ लोग हाथ नहीं लगातीं." त्यानं केवड्याचं अत्तर दिलं. तेही टाकलं.

रिकाम्या बाटल्या काहून, असं तुम्ही विचाराल. तर आमच्या घरचं हळदीकुंकू अजून व्हायचं होतं. रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळचं ठरलं होतं, आणि वाण काय द्यायचं हा प्रश्न होता. पातेल्यातलं एकट्या प्रमोदिनीला पुरून उरणार होतं. त्यात गुलाबपाणी घातलं तर सगळ्यांना पुरणार होतं.

"त्यायचंच वाण त्यायलेच परत द्यायचं?" प्रमोदिनी म्हणाली. "लाज नाही वाटत का जी?"

मी तिला समजावून सांगितलं की रासायनिक दृष्टीनं हे त्यांचं वाण राहिलेलंच नाही. हा नवीन पदार्थ आहे. शिवाय प्रत्येकीला बाकी सगळ्यांचंही मिळतंय, म्हणजे उलट फायदाच. ती शिकलेली बाई आहे, तिला पटलं. किंवा पाठांतराच्या नादात ती हो म्हणाली असेल, आता ते विचारायची सोय नाही.

हळदीकुंकू जोरात झालं. नाटकातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. सासूचं काम करणाऱ्या गोदावरी काकू, नणंदेचं काम करणाऱ्या रूपाली वहिनी, आणि आता शेजारणीच्या छोट्या कामावर आलेल्या अपर्णा वहिनी. प्रत्येकीला तिळगूळ आणि बाटली. "घरी बनवलेलं आहे, आमच्या ह्यांनी," असं प्रमोदिनी जरा अभिमानानंच सांगत होती. "झोपताना लावा. सकाळी फरक पाहा."

तिनंही लावलं. थोड्या वेळानं म्हणाली, "चुरचुरून राहिलं जी."

"म्हणजे काम करून राहिलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. रथसप्तमीला सूर्याकडे तोंड करून गोवऱ्यांवर दूध उतू घालतात. मंडळाच्या पटांगणावर हा कार्यक्रम सामूहिक असतो, आणि सामूहिक असला की पाहुण्या असतात, आणि पाहुण्या असल्या की उशीर असतो. कुणातरी मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी यायच्या होत्या. त्यांच्या हातानं पहिली समिधा पडल्याशिवाय दूध उतू जाऊ द्यायचं नाही, असा निरोप आला. त्यामुळे सगळ्या बायका पूर्वेकडे तोंड करून उभ्या, समोर धूर, आणि दूध वर आलं की फुंकर मारून खाली बसवायचं. सूर्य चांगला वर आला. पाहुण्या आल्या तेव्हा दुधाची बासुंदी झाली होती आणि बायकांचे चेहरे लाल झाले होते. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की एवढं तेज त्यांनी दुसऱ्या कुठल्याच समाजात पाहिलं नाही.

दुपारी ते तेज दुखायला लागलं. संध्याकाळी प्रमोदिनीचं नाक आणि गाल टोमॅटोसारखे झाले, आणि हनुवटीपाशी कातडीचा पापुद्रा सुटला. वांग होते तिथेच होते, फक्त आता ते लाल जमिनीवर होते. फोन सुरू झाले. गोदावरी काकूंचं कपाळ, रूपाली वहिनींचे दोन्ही गाल. प्रत्येकीच्या घरी शेजारपाजार जमला आणि प्रत्येकानं उपाय सांगितला. कोणी बेसन लावलं, कोणी बटाट्याची चकती, रूपाली वहिनींच्या सासूबाईंनी टूथपेस्ट. हरिदासजी पुन्हा वर आले आणि तुरटी कमी पडली असं म्हणाले. प्रमोदिनीनं कोणाचंच ऐकलं नाही. ती ओला रुमाल तोंडावर ठेवून पडून राहिली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. जे सांगायचं ते गंधालीला सांगायची, आणि गंधाली मला हिंदीत सांगायची. "मम्मी बोल रही हैं, आप कुछ मत कीजिए."

पण नवरा म्हणून माझं काही कर्तव्य होतंच. खाजगी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ नाटकानंतरची मिळत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो. चिठ्ठीच्या खिडकीवर बाबू होता. त्यानं विचारलं, "क्या हुआ?"

मी म्हणालो, "हल्दी-कुमकुम."

तो म्हणाला, "कंप्यूटर में हल्दी-कुमकुम नहीं है." त्याच्याकडे ताप होता, खोकला होता, हाड मोडणं होतं, कुत्रा चावणं होतं. त्यानं बायकांकडे पाहिलं आणि विचारलं, "जला है क्या?"

गोदावरी काकू माझ्या मागे उभ्या होत्या. रात्रभर झोपल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हव, जला है. बहुत जला है."

"किसने जलाया?"

काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

आता कायदा असा आहे, आणि चांगलाच आहे, की विवाहित बाई भाजून दवाखान्यात आली तर पोलिसांना कळवावं लागतं. इथे तर एकाच दिवशी इतक्या विवाहित बायका होत्या, आणि सगळ्यांचं बोट एकाच माणसाकडे होतं. दवाखान्यातल्या चौकीतून एक हवालदार बाई आल्या आणि मला बाकावर वेगळं बसवलं. येणारेजाणारे पाहत होते. माझ्या प्लांटमधला एक फिटर पाय बांधून घ्यायला आला होता, त्यानं मला नमस्कार केला आणि लगेच हात खाली घेतला.

"आपने लगाया?" हवालदार बाईंनी विचारलं.

"मी दिलं. लावलं त्यांनी."

"क्या था उसमें?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की शास्त्रीय नावं ऐकून त्या जरा आदरानं बोलतील. त्यांनी फक्त 'ॲसिड' हा शब्द ऐकला आणि तो दोनदा आल्याचं लिहून घेतलं.

"टेस्ट किया था?"

"केला होता."

"किस पर?"

"लिटमस पर."

"ये कौन है?"

मी कागद आहे असं सांगितलं. त्यांनी लिहिलेलं नाव खोडलं. मग म्हणाल्या, "आपने खुद नहीं लगाया?" मी नाही म्हणालो. त्यांनी तेही लिहून घेतलं, आणि पेन थांबवून माझ्याकडे जे पाहिलं, ते मला अजून आठवतं. एवढी वर्षं मी नमुने तपासतोय, पण नमुन्याला कसं वाटतं ते मला त्या बाकावर कळलं.

शेवटी प्रमोदिनीलाच विचारलं. ती अजून माझ्याशी बोलत नव्हती, पण पोलिसांशी बोलावं लागलं. ती म्हणाली, "दीदी, इनका इरादा अच्छा था. इनका हमेशा अच्छा रहता है. यही तकलीफ़ है." हवालदार बाईंनी मान हलवली. त्यांना ते पूर्ण समजलेलं दिसलं, आणि त्यांनी मला सोडलं.

त्वचेच्या डॉक्टर होत्या डॉक्टर नीलिमा, तरुण, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. काय काय घातलं ते मी मराठीत सांगितलं, त्या हिंदीत बोलल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, झाकण उघडलं, केवड्याचा वास आला तशी लांब धरली.

"अंकल, अलग-अलग ये सब अच्छी चीज़ें हैं," त्या म्हणाल्या. "व्हिटॅमिन सी सुबह लगता है, ऊपर से सनस्क्रीन. रेटिनॉल रात को, शुरू में हफ़्ते में दो ही दिन, और उस रात ॲसिड नहीं. नायसिनामाइड सीधा-सादा है, सबके साथ निभा लेता है. पर एक के ऊपर एक, सब एक साथ शुरू नहीं करते. और बोतल में मिलाना तो कभी नहीं. हर एक का अपना हिसाब होता है, कितना खट्टा रहे तो काम करे. मिला दिया तो जो काम करता है वो मर जाता है, जो जलाता है वो बच जाता है. और सोडा क्यों डाला?"

"आंबट होतं म्हणून."

"वो काम करने के लिए ही खट्टा था." मग त्यांनी बायकांकडे वळून विचारलं, "लगाने के बाद धूप में तो नहीं गए?"

गोदावरी काकू हळूच म्हणाल्या, "सूर्याचीच पूजा होती वं माय." डॉक्टरांनी कपाळावर हात ठेवला. मराठी त्यांना समजत होतं.

उपाय सोपा निघाला. सगळं बंद. साधं मलम, थंड पाण्याच्या पट्ट्या, ऊन टाळायचं. पुढे कधी नवीन काही लावायचं असलं तर आधी कानामागे लावून पाहायचं. आणि कातडी बरी होईपर्यंत चेहऱ्याला रंग, पावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही.

"रविवारी नाटक आहे," प्रमोदिनी म्हणाली. "मेकअप लगेगा ना?"

"बिल्कुल नहीं, आंटी."

परतताना रिक्षात ती बाहेर पाहत होती. रडली असती तर बरं झालं असतं, पण डॉक्टरांनी चेहऱ्याला मीठ लागू द्यायचं नाही असंही सांगितलं होतं, त्यामुळे ती रडू शकत नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी काही बोलणार होतो, पण काय बोलावं ते सुचेना, आणि सुचलं तेव्हा शंकर नगर आलं होतं.

त्या संध्याकाळच्या तालमीला अपर्णा वहिनी आल्या, तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. चेहरा स्वच्छ. एक डाग नाही, एक पापुद्रा नाही. वहिनी आयुष्यात कुणाचं वाण वापरत नाहीत. त्यांच्याकडे एक कपाट आहे, त्यात यंदाचं वाण पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या घरासाठी थांबलेलं असतं. माझी बाटलीही तिथेच थांबली होती.

"मी काय म्हणते भार्गव," वहिनी म्हणाल्या, "प्रमोदिनीची अशी हालत आहे. रंग लावता येत नाही, लाइट पडला की बिचारी कशी दिसंल? मी करते सुमतीचं काम. मले काही हौस नाही, पण मंडळाची इज्जत आहे. प्रमोदिनी विंगेत बसंल, मले वाक्य देईल. आम्हा दोघींले सवय आहे."

सुमती म्हणजे नायिका. भार्गव डोकं खाजवायला लागला, आणि मला कळलं की तो हो म्हणणार आहे. मी मध्ये पडलो. मी म्हणालो की मुख्य काम चेहऱ्यावर नसतं, अभिनयावर असतं, आणि हवं तर मी लाइटच्या काचेवर हिरवा कागद लावून लाल रंग कापून देतो, ते शास्त्रीय आहे. भार्गवनं मला खुर्चीवर बसायला सांगितलं.

तेव्हा प्रमोदिनी उठली. तोंडावरचा रुमाल काढला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला.

"वहिनी, इतकी वर्षं तुमची वाक्यं मी पाठ केली," ती म्हणाली. "तुमची, सासूची, नणंदेची, नवऱ्याची. अंधारात बसून. मले वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, लय वाटत होतं. आता तोंड सोललं तर सोललं. दिसू द्या लोकाइले. हे काम मी करीन."

मग गोदावरी काकू म्हणाल्या, "मंग मीबी अशीच करतो." रूपाली वहिनी म्हणाल्या, "मीबी."

भार्गव चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहत होता. दिग्दर्शक म्हणून त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "अपर्णा काकू," तो म्हणाला, "प्रॉब्लेम असा आहे, की सासू लाल, नणंद लाल, आणि घरात फक्त सूनच गोरीपान. लोक विचारतील ना."

"सून बाहेरूनच येते," अपर्णा वहिनी म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता.

"पण पंधरा वर्षांपासून ती त्याच घरचं पाणी पिऊन राहिली," भार्गव म्हणाला. हाही बिनतोड होता. यावर बरीच चर्चा झाली, मंडळाच्या सचिवांनी दोन्ही बाजूंनी मत दिलं, आणि शेवटी सुमती प्रमोदिनीच राहिली. अपर्णा वहिनी शेजारीण राहिल्या. शेजारणीचा चेहरा वेगळा असायला कोणाची हरकत नव्हती.

प्रश्न एवढाच उरला की विंगेत कोण बसणार. अपर्णा वहिनींनी नाही सांगितलं, आणि बाकी सगळे स्टेजवर. भार्गव माझ्याजवळ आला. "काका, तुम्ही बसा. फक्त वाचायचं आहे. डोकं लावायचं नाही." मी केमिस्ट आहे, याची मी त्याला आठवण करून दिली नाही.

रविवारी हॉल भरला होता. रायपुरातल्या झाडून साऱ्या मराठी घरांत ही गोष्ट पोचलेली होती, त्यामुळे दरवर्षी न येणारेही आले होते. मी विंगेतल्या स्टुलावर बसलो. ते स्टूल एका पायानं आखूड आहे, आणि त्यावर इतकी वर्षं कसं बसत असतील ते मला कळेना. तिथून नाटक दिसत नाही. नटांच्या पाठी दिसतात, आणि त्यांना भीती वाटली की ते तुमच्याकडे पाहतात, तेवढेच चेहरे दिसतात.

प्रमोदिनी माझ्याकडे एकदाही पाहत नव्हती. तिला गरज नव्हती. पहिला अंक झाला, दुसरा झाला, तिचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. रूपाली वहिनी अडखळल्या तर मी पान शोधेपर्यंत प्रमोदिनीनंच बोलता बोलता त्यांना वाक्य देऊन टाकलं. नाकाजवळची कातडी सुटलेली, गाल लाल, वांग जिथल्या तिथे, आणि वरून भार्गवनं लावलेला भगभगीत दिवा. पहिल्या रांगेतून सगळं दिसत असणार. मला विंगेतूनही दिसत होतं. ती माझी बायको होती आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता, आणि सांगायला तिथे कोणी नव्हतं.

तिसऱ्या अंकात भांडण आहे. सुमती नवऱ्यासमोर उभी राहते आणि विचारते, "तुम्ही माझ्यासाठी कधी काही केलंत का?" मग नवरा मान खाली घालतो. नाटकातलं सगळ्यात मोठं वाक्य तेच.

प्रमोदिनी उभी राहिली. तोंड उघडलं, आणि थांबली.

भार्गव वाट पाहत होता. ती अडकली होती, माझी खात्रीच झाली. मी पानावर बोट ठेवलं आणि हळूच वाक्य दिलं, "तुम्ही माझ्यासाठी कधी काही केलंत का?" ती काही बोलली नाही. मी जरा मोठ्यानं दिलं. तरी नाही. मग मी इतक्या मोठ्यानं दिलं की तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिथे कोणीतरी हसलं.

तेव्हा ती वळली. भार्गवकडे नाही, माझ्याकडे, विंगेकडे. चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली, आणि नाटकाच्या पुस्तकी मराठीत नाही, आमच्या घरच्या बोलीत.

"तुम्ही माह्यासाठी लय केलं जी," ती म्हणाली. "आता काही करू नका. फक्त बसा."

हॉल जो हसला तो थांबेना. टाळ्या पडल्या, भार्गवही पाठ फिरवून हसून घेत होता, आणि त्या लाल चेहऱ्यावर, कातडी ताणली जाऊन दुखत असणार तरी, प्रमोदिनी हसत होती. वाक्य साफ चुकलं होतं. अशा वेळी प्रॉम्प्टरचं काम म्हणजे खरं वाक्य पुन्हा द्यायचं.

मी पान उलटलं, आणि बसून राहिलो.